यात्रासारथी थॉमस कुक

देशाटनाने मनुष्य शहाणा होतो, ही शिकवण आपल्याकडे फार जुनी आहे. परंतु देशाटनास द्रव्य लागते, सवड लागते आणि अनोळखी मुलखात वाट दाखविणारा कोणीतरी लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये या तिन्ही गोष्टी बहुतांशी श्रीमंतांपाशीच होत्या. डर्बीशायरच्या हिरव्या टेकड्या, वेल्सचे डोंगर, स्कॉटलंडची सरोवरे ही जवळच असूनही गिरणीकामगारांना दुर्लभ होती. हे वैभव त्यांच्या आवाक्यात आणणाऱ्यांत थॉमस कुक यांचे नाव अग्रभागी आहे.

थॉमसचा जन्म २२ नोव्हेंबर १८०८ रोजी डर्बीशायरमधील मेलबर्न या लहानशा गावी झाला. पितृछत्र बालपणीच हरपले. दहाव्या वर्षी शाळा सुटली आणि दिवसाला एक पेनी मजुरीवर तो माळ्याच्या हाताखाली राबू लागला. पुढे तो सुतारकाम शिकला. पण त्याचा ओढा धर्मकार्याकडे होता. १८२८ साली तो बॅप्टिस्ट पंथाचा फिरता प्रचारक झाला. पुढील एका वर्षात त्याने दोन हजारांहून अधिक मैलांची पायपीट केली. खेडोपाडी हिंडताना देशाचे सौंदर्य त्याने पाहिले, तसेच दारिद्र्यही पाहिले.

त्या काळी कामगाराची सुटी बहुधा दारूच्या गुत्त्यात जाई. कुक मद्यपाननिषेधाचे कट्टर पुरस्कर्ते होते. परंतु नुसत्या उपदेशाने व्यसन सुटत नाही, त्याऐवजी माणसाला काही अधिक आनंददायी द्यावे लागते, हे त्यांनी ओळखले होते. १८४१ च्या जून महिन्यात मार्केट हार्बरो येथून लेस्टरला सभेसाठी पायी जात असता त्यांना एक कल्पना सुचली. नव्यानेच सुरू झालेली आगगाडी या कामी का लावू नये? रेल्वे कंपनीशी बोलणे करून त्यांनी ५ जुलै १८४१ रोजी लेस्टर ते लफबरो अशी खास गाडी सोडली. भाडे होते अवघा एक शिलिंग. सुमारे पाचशे माणसे त्या दिवशी वाद्यांच्या गजरात निघाली आणि खेळ, चहा व भाषणे यांत दिवस घालवून सुखरूप घरी परतली.

१८४५ साली कुक यांनी लिव्हरपूल आणि वेल्सची सहल आखली. तिकिटे विकण्यापूर्वी ते स्वतः त्या मार्गाने जाऊन आले, उतरण्याच्या जागा पाहिल्या आणि प्रवाशांसाठी माहितीपुस्तिका छापली. मंडळी पर्वतराज स्नोडनपर्यंत जाऊन आली.

पुढच्याच वर्षी सुमारे साडेतीनशे लोकांना घेऊन ते स्कॉटलंडला निघाले. या वेळी मात्र योजना फसली. गाडीत खाण्यापिण्याची सोय झाली नाही. आगबोटीवर पुरेशा खोल्या नव्हत्या आणि अनेकांना रात्र उघड्यावर काढावी लागली. त्याच वर्षी कुक यांचे दिवाळे निघाले. दुसरा कोणी असता तर तेथेच थांबला असता. कुक यांनी चुका सुधारल्या आणि पुन्हा स्कॉटलंडची वाट धरली. पुढे हजारो लोक त्यांच्याबरोबर तो देश पाहून आले.

सामान्यांच्या झुंडी रम्य स्थळे बिघडवतील, अशी कुरकुर उच्चभ्रू मंडळी करीत. कुक यांनी त्यास वादाने नव्हे, शिस्तीने उत्तर दिले. बेल्व्हॉर किल्ल्यासारख्या सरदारी वास्तूंच्या सहली त्यांनी काढल्या, तेव्हा तेथे कसे वागावे याच्या सूचनाही छापून दिल्या. आयोना बेटावरील कोळ्यांचे दारिद्र्य पाहून त्यांनी आपल्या प्रवाशांकडून वर्गणी गोळा केली व मासेमारीच्या होड्या घेऊन दिल्या. जेथे आपण आनंद लुटतो, तेथील माणसांचेही आपण काही लागतो, हा धडा त्यांनी प्रवाशांना दिला.

१८५१ साली लंडनमध्ये भव्य औद्योगिक प्रदर्शन भरले. कामगारांनी आठवड्याला थोडी थोडी शिल्लक टाकून प्रवासखर्च जमवावा, असा प्रचार कुक यांनी केला आणि सुमारे दीड लाख लोकांना ते प्रदर्शन दाखविले. त्यांतील कित्येकांनी राजधानी प्रथमच पाहिली असेल! पुढे युरोप, इजिप्त, पॅलेस्टाइन असा पसारा वाढला. १८७२-७३ मध्ये २२२ दिवसांची पृथ्वीप्रदक्षिणा त्यांनी केली. त्या प्रवासात ते हिंदुस्थानातही आले होते. १८८१ मध्ये त्यांच्या पेढीची शाखा मुंबईस निघाली.

उत्तरायुष्य मात्र सुखाचे गेले नाही. पुत्र जॉन मेसन याच्याशी मतभेद होऊन १८७८ च्या सुमारास ते व्यवसायातून बाजूला झाले. १८८० मध्ये कन्या आणि १८८४ मध्ये पत्नी निवर्तली. लक्षावधी लोकांना जग दाखविणाऱ्या या पुरुषाची दृष्टीही अखेरीस गेली. १८ जुलै १८९२ रोजी लेस्टर येथे त्यांनी देह ठेवला. त्यांची मूळ कंपनी २०१९ साली बुडाली. लेस्टर स्थानकाबाहेर त्यांचा पुतळा मात्र उभा आहे.

विद्यार्थी मित्रहो, आपणही सहलीची आखणी करतो. गाडीची वेळ, मुक्कामाची जागा, शिदोरी, खर्चाचा ताळेबंद या गोष्टी आपणांस क्षुल्लक वाटतात. परंतु पेनी पेनी साठविणाऱ्या मजुराचा एकुलता सुटीचा दिवस वाया जाऊ नये, म्हणून आधी स्वतः ती वाट तुडवून येणे, ही केवळ व्यवस्था नव्हे. ती माणुसकी होय. कुक यांच्या चरित्राचे सार हेच आहे.