कापसाच्या वावरातून आलेला आवाज: गायक जॉनी कॅश आणि त्याच्या घराची गोष्ट

अमेरिकेत कंट्री म्युझिक नावाचा गाण्याचा प्रकार आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर गावाकडची गाणी. शेत, रेल्वे, दारू, तुरुंग, देव आणि ताटातूट हे त्याचे विषय, आणि साथीला गिटार. या गाण्यातल्या मोठ्या नावांमध्ये जॉनी कॅशचं नाव पहिल्या रांगेत येतं. त्याला जाऊन वीस वर्षांहून जास्त काळ झाला, तरी त्याची गाणी मोबाईलवर आजही ऐकली जातात. पण हा गायक एका कर्जबाजारी कापूस उत्पादकाचा पोरगा होता, आणि त्याच्या घराने काय काय सोसलं हे अनेकांना माहीत नसतं.

वीस एकर आणि एक खेचर

२६ फेब्रुवारी १९३२ रोजी आर्कान्सा राज्यातल्या किंग्सलँड गावात त्याचा जन्म झाला. नाव ठेवलं नुसतं जे. आर. सात भावंडांत हा चौथा. तो काळ महामंदीचा. कापसाला भाव नव्हता. वडील रे कॅश मिळेल ते काम करायचे, कधी रेल्वेवर, कधी लाकडाच्या गिरणीत.

राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांच्या सरकारने तेव्हा गरीब शेतकऱ्यांसाठी एक योजना काढली. डायस नावाची नवी वसाहत उभारून सुमारे ५०० कुटुंबांना घर आणि जमीन द्यायची, आणि पैसे पुढं पिकातून फेडून घ्यायचे. १९३५ मध्ये कॅश कुटुंबाला तिथं वीस एकर जमीन, पाच खोल्यांचं घर आणि एक खेचर मिळालं. जमीन कसदार होती, पण दलदलीची. झाडं तोडून, मुळं उपटून ती वहितीखाली आणावी लागली.

दोन वर्षं होतात न होतात तोच जानेवारी १९३७ मध्ये पूर आला आणि घर सोडून जावं लागलं. परत आल्यावर सगळीकडं चिखल. मात्र त्याच गाळाने नंतर कापूस जोमात आला. हा पूर जे. आर. विसरला नाही. १९५९ मध्ये त्याने त्यावर गाणं केलं आणि ते चांगलंच गाजलं.

पाच वर्षांचा असताना तो वावरात पाणी पोचवायचा. थोडा मोठा झाल्यावर वेचणीला लागला. पाठीमागं लांबलचक ताडपत्रीची पिशवी ओढत दिवसभर वेचायचं. बोंडाची टोकं बोटांत घुसून हात कसे रक्ताळतात, हे कापूस वेचणाऱ्याला सांगायला नको. आई कॅरी काम करताना देवाची गाणी म्हणायची आणि पोरं तिच्यामागं म्हणायची. त्याचं पहिलं संगीत हेच.

जॅक गेला

त्याच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा भाऊ जॅक. शांत, अभ्यासू, धर्मोपदेशक व्हायचं ठरवलेला. दोघांचा एकमेकांवर फार जीव. मे १९४४ मधल्या एका शनिवारी जे. आर. मासे धरायला निघाला आणि भावालाही चल म्हणाला. जॅक गेला नाही. लाकडं कापायचं काम होतं, त्याचे तीन डॉलर मिळणार होते आणि घरात त्यांची गरज होती. त्याच दिवशी जॅक फिरत्या करवतीवर ओढला गेला आणि त्याचं पोट फाटलं. आठवडाभर तो झुंजला, २० मे रोजी गेला.

माती दिल्यावर दुसऱ्याच दिवशी सगळं घर पुन्हा कापसात निंदणीला होतं. आई काम करता करता गुडघ्यावर कोसळायची आणि उठून परत कामाला लागायची. पिकाला दुखवटा कळत नाही. बारा वर्षांच्या जे. आर.ला हे आयुष्यभर टोचत राहिलं. आपण मासे धरत होतो आणि तो घरासाठी राबताना गेला, ही बोच त्याच्या गाण्यांतल्या उदासपणामागं होती, असं अनेकजण मानतात.

आईने धीर सोडला नाही. पोराचा गळा ओळखून तिने लोकांचे कपडे धुतले आणि त्या पैशातून त्याला गाण्याची शिकवणी लावली. थोड्याच दिवसांत शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं की हा आवाज कोणी बदलू नये, शिकवणी बंद करा.

नाव झालं, घर मोडलं

१९५० मध्ये तो हवाई दलात भरती झाला. तिथं नुसती अक्षरं चालेनात म्हणून जॉन हे नाव लिहिलं. जर्मनीत राहून रशियाचे बिनतारी संदेश ऐकण्याचं काम त्याच्याकडं होतं. तिथंच तो गिटार शिकला. १९५४ मध्ये परत आला, व्हिव्हियन लिबर्टोशी लग्न केलं आणि मेम्फिस शहरात दारोदार घरगुती यंत्रं विकू लागला. थोरला भाऊ रॉय तिथं मोटारीच्या गॅरेजात होता. त्याच्या दोन मेकॅनिक सोबत्यांना घेऊन जॉनीने वाद्यमेळ जमवला. १९५५ मध्ये सन कंपनीने पहिली रेकॉर्ड काढली. पुढच्याच वर्षी, बायकोशी इमान राखण्याचा शब्द देणारं त्याचं गाणं देशभर वाजलं.

तो शब्द पाळला गेला नाही. रात्रंदिवस प्रवास, आज या गावात कार्यक्रम तर उद्या त्या गावात. जागं राहायला त्याने उत्तेजक गोळ्या सुरू केल्या. आधी सोय, मग सवय, मग व्यसन. घरी व्हिव्हियन चार मुलींना एकटी वाढवत होती. १९६५ मध्ये एल पासो इथं हजारावर गोळ्यांसह त्याला अटक झाली. १९६६ मध्ये व्हिव्हियनने घटस्फोटाचा अर्ज केला. पैसा आणि नाव सगळं होतं, पण घर मोडलं.

सावरणारी माणसं

लहानपणी बॅटरीच्या रेडिओवर जॉनी कार्टर घराण्याची गाणी ऐकायचा. त्याच घराण्यातली जून कार्टर त्याच्याबरोबर गात होती. गोळ्या सोडवायला जून आणि तिच्या आईवडिलांनी त्याच्या घरात मुक्काम ठोकून पहारा दिला. १ मार्च १९६८ ला दोघांचं लग्न झालं. १९७० मध्ये मुलगा जॉन कार्टर जन्मला. व्यसन मात्र एका झटक्यात सुटलं नाही. पाय पुन्हा घसरला आणि १९८३ मध्ये त्याला उपचार केंद्रात दाखल व्हावं लागलं.

जानेवारी १९६८ मध्ये त्याने फॉल्सम तुरुंगात कैद्यांसमोर गाऊन रेकॉर्ड काढली. ती प्रचंड खपली. पण नुसतं गाऊन तो थांबला नाही. १९७२ मध्ये तुरुंग सुधारणेसाठी सिनेटच्या समितीसमोर जाऊन बोलला.

१९७३ मध्ये थोरली मुलगी रोझॅन अठरा वर्षांची झाली. तिला जुनी गाणी माहीत नाहीत हे पाहून त्याने शंभर गाण्यांची यादी लिहून दिली. ती पुढं स्वतः नावाजलेली गायिका झाली आणि २००९ मध्ये त्या यादीतली गाणी तिने गायली. बापाने शेत ठेवलं नव्हतं, पण हा वारसा दिला.

१५ मे २००३ ला जून गेली. चार महिन्यांनी, १२ सप्टेंबरला, वयाच्या ७१ व्या वर्षी जॉनीही गेला. डायसमधलं ते पाच खोल्यांचं घर डागडुजी करून २०१४ पासून लोकांना पाहायला खुलं आहे. २०२४ मध्ये आर्कान्सा राज्याने आपला मानकरी म्हणून त्याचा पुतळा वॉशिंग्टनच्या संसद भवनात बसवला. ज्या घराला सरकारी कर्जावर वीस एकर मिळाले होते, त्याच घरातल्या पोराचा हा पुतळा आहे. तीन डॉलरसाठी कामावर गेलेल्या जॅकचा पुतळा कुठं नाही, पण त्याच्याशिवाय जॉनी कॅशची गोष्ट सांगता येत नाही.