एडविन लिंक : जमिनीवर उडायला शिकवणारा माणूस

पावसाळ्यात परतवाडा-धारणी रस्त्यावर घाटात धुके उतरले की चालक गाडी हळू करतो आणि रस्त्याची कड धरून चालतो. ढगात शिरलेल्या वैमानिकाला अशी कड नसते. वर कुठे, खाली कुठे, हे ठरवायला त्याच्याजवळ उरतो तो कान. आणि कान फसवतो.

आपल्या अंतःकर्णात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. शरीर वळले की द्रव मागे राहतो आणि वळण मेंदूला कळते. विमान एकाच वेगाने वळत राहिले तर काही सेकंदांत द्रवही त्याच गतीने फिरू लागतो आणि वळण जाणवेनासे होते. मग विमान सरळ केले तरी ते उलट बाजूला वळतेय, असे वाटते. वैमानिक पुन्हा चुकीच्या बाजूला वळवतो आणि विमान गिरक्या घेत खाली येते.

या फसवणुकीवर उपाय शोधणारे एडविन लिंक डॉक्टर नव्हते. त्यांचा जन्म १९०४ साली अमेरिकेतील इंडियाना राज्यात झाला. वडिलांचा बिंगहॅम्टन येथे पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. १९२० साली विमान शिकण्याच्या पहिल्या धड्यासाठी त्यांनी ५० डॉलर मोजले, पण विमानाच्या दांड्याला हात लावायला मिळाला नाही. शिकणे इतके महाग असेल तर ते जमिनीवरच का शिकू नये, हा विचार त्यांनी धरला.

१९२९ पर्यंत कारखान्याच्या तळघरात त्यांनी एक छोटी कोठडी तयार केली. ती ऑर्गनच्या भात्यांवर बसवली होती. दांडा हलवला की भात्यांतली हवा कमी-जास्त होई आणि कोठडी झुके, वळे. सुरुवातीला हे यंत्र जत्रेतले खेळणे म्हणूनच खपले.

१९३४ साली अमेरिकी लष्कराकडे हवाई टपाल आले. खराब हवामानात उडण्याचा सराव नसलेल्या वैमानिकांचे अपघात होऊ लागले. अनेक जण प्राणास मुकले. त्यानंतर लष्कराने लिंक यांची सहा यंत्रे घेतली. दुसऱ्या महायुद्धात अशी १०,०००हून अधिक यंत्रे बनली आणि लाखो वैमानिक त्यांवर शिकले.

या यंत्राला खरा पंखा नव्हता आणि पंख नावापुरते होते. झाकण लावले की बाहेरचे काही दिसत नसे. पण समोरचे काटे खऱ्यासारखे वागत. नाक वर केले की वेगाचा काटा उतरे, इंजिनाची शक्ती वाढवली की चढे. कानाचे न ऐकता काट्यावर विसंबायचे, ही सवय तिथे लागे. आजच्या सिम्युलेटरमध्ये जनित्र बंद पडले तर बॅटरी हळूहळू उतरते आणि पंख्याच्या पात्यांचा कोन बदलला की इंजिनाचे फेरे बदलतात. हे बारकावे हौसेसाठी नसतात. संकटात ज्यावर निर्णय घ्यायचा, ते खरे असावे लागते.

पुढे लिंक समुद्राकडे वळले. माणसाला खोल पाण्यात सुरक्षित नेणाऱ्या पाणबुड्या त्यांनी घडवल्या. जून १९७३ मध्ये फ्लोरिडाजवळ त्यांची एक पाणबुडी बुडालेल्या जहाजाच्या अवशेषात अडकली. पुढच्या पारदर्शक गोलातले दोघे वाचले. मागचा भाग अ‍ॅल्युमिनियमचा होता. तो थंड पडला आणि कर्बवायू शोषणारे रसायन थंडीत नीट काम करेना. त्या भागातले दोघे गेले. त्यांतला एक लिंक यांचा ३१ वर्षांचा मुलगा होता. लिंक यांनी काम सोडले नाही. अडकलेल्या पाणबुडीपर्यंत पोहोचणारे मनुष्यविरहित बचाव यंत्र त्यांनी तयार केले. १९८१ साली त्यांचे निधन झाले.

त्यांची कल्पना आज रुग्णालयांतही आहे. जन्मल्यावर श्वास न घेणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटातच श्वास द्यायला सुरुवात करावी लागते. परिचारिका आणि डॉक्टर हे आधी बाहुल्यावर शिकतात. बाहुल्याचा रंग, चेहरा कसाही चालेल. पण मास्क नीट बसला तरच त्याची छाती वर आली पाहिजे. मास्क सैल असतानाही छाती हलली तर शिकणाऱ्याचा हात चुकीचे शिकतो, आणि ती चूक खऱ्या बाळाच्या वाट्याला येते.