टेबलावरच्या फौजांना नियम देणारे एच. जी. वेल्स

मोबाइलवर टर्न-बेस्ड स्ट्रॅटेजी गेम खेळता ना? आधी आपली चाल, मग समोरच्याची. हाच खेळ खेळण्यातले छोटे सैनिक जमिनीवर मांडून कसा खेळायचा, याचे सोपे नियम लिहिणारा माणूस तुम्हाला वेगळ्याच कारणाने माहीत असेल. ‘द टाइम मशीन’वाले एच. जी. वेल्स.

जन्म १८६६ चा, इंग्लंडमधल्या ब्रॉम्लीचा. वडिलांचं छोटं दुकान, ते क्रिकेटही खेळायचे, पण घरात पैशांची कायम ओढाताण. लहानपणी पाय मोडला आणि अंथरुणात पडल्या पडल्या वाचायची सवय लागली. पुढे कापडाच्या दुकानात उमेदवारी करावी लागली, तिचा त्यांना मनापासून तिटकारा. शिष्यवृत्ती मिळवून ते लंडनला विज्ञान शिकायला गेले. १८९५ ला ‘द टाइम मशीन’ आलं, १८९८ ला ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’. मग नाव झालं.

आता आपला विषय. १९१३ ला त्यांचं ‘लिटल वॉर्स’ हे छोटं पुस्तक आलं. ब्रिटन्स कंपनीचे शिशाचे पोकळ सैनिक तेव्हा मुलांकडे असायचे. त्यांच्यासोबत मिळणारी स्प्रिंगची तोफ लाकडाचा छोटा तुकडा उडवायची आणि समोरचा सैनिक खरोखर पडायचा! वेल्सनी याला शिस्त लावली. पायदळ एका चालीत एक फूट सरकणार, घोडदळ दोन फूट. तोफेजवळ चार माणसं नसतील तर ती डागता येणार नाही. चालीला वेळेची मर्यादा, म्हणजे रेंगाळत बसायचं नाही. प्रशियाच्या लष्करात असा खेळ आधीपासून होता, पण तो अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी. वेल्सनी तो घरात आणला.

तेव्हाचे सैनिक कारखान्यातूनच रंगून यायचे. आज या छंदातले लोक साधारण २८ मिलिमीटरचे सैनिक स्वतः रंगवतात: आधी प्रायमर, मग मूळ रंग, मग खाचांत उतरणारा पातळ गडद वॉश, शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिकट रंग. मी शनिवार पेठेत राहतो. दिवाळीच्या किल्ल्यासाठी कुंभारवाड्यातून आणलेल्या मातीच्या मावळ्यांवर मी हेच करतो. साध्या अॅक्रिलिकनेही पागोट्याच्या घड्या मस्त उठून दिसतात. फक्त मातीला प्रायमर जरा जास्त लागतो, ती रंग पिते.

या खेळाची वंशावळ बघा. १९७१ ला गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचे ‘चेनमेल’ हे नियम आले, त्यातून १९७४ ला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, आणि तिथून आजचे आरपीजी. गायगॅक्सनी पुढे ‘लिटल वॉर्स’च्या एका आवृत्तीला प्रस्तावनाही लिहिली.

पण वेल्सना युद्ध आवडत होतं असं समजू नका. पुस्तकाच्या शेवटी ते उघडच सांगतात की खेळातल्या लढाईत कुणाचं घर जळत नाही, आणि हा खेळ खेळून बघितला तर खरं युद्ध किती भयंकर घोडचूक असते ते कळतं. वर्षभरात पहिलं महायुद्ध पेटलं. यानंतर युद्धंच संपतील या आशेने वेल्सनी त्याला पाठिंबा दिला. मला हे त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड पान वाटतं. त्याच १९१४ मध्ये आलेल्या ‘द वर्ल्ड सेट फ्री’ कादंबरीत त्यांनी अणुबॉम्ब कल्पिला होता. हिरोशिमा त्यांनी जिवंतपणी पाहिलं. १३ ऑगस्ट १९४६ ला लंडनमध्ये ते गेले.

‘लिटल वॉर्स’ प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फ्री आहे. मोबाइलवर उघडा, एका बैठकीत होतं.