नाथांचा रोडगा

वर्धा जिल्ह्यात रोडगा म्हणजे काय हे कोणाला सांगावे लागत नाही. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे नि वांग्याची भाजी, असा नवसाचा स्वयंपाक आजही देवापुढे होतो. म्हणूनच की काय, नाथमहाराजांचे रोडग्याचे भारूड आमच्याकडे फार आवडीने ऐकतात. सोंग घेतलेली बाई भवानीआईला नवस बोलते. सासरा, सासू, जाऊ, नणंद, शेवटी नवरासुद्धा वाटेतून दूर कर म्हणते, आणि मंडपात हशा पिकतो. पिको बापडा! नाथांना तो हवाच होता. पण मंडळी हसून उठतात नि म्हणतात, नाथांनी सुनेची बरी फजिती केली! ज्यांनी हे रचले त्यांचे चरित्र तरी आपण पाहू या.

श्रीएकनाथ पैठणचे. विजयनगराहून पांडुरंगाची मूर्ती पंढरीस परत आणली असे परंपरा ज्यांच्याविषयी सांगते, ते भानुदास त्यांचे पणजोबा. आईबाप लहानपणीच गेले. आजोबा चक्रपाणींनी वाढविले. पुढे देवगिरीस जनार्दनस्वामींच्या पायांशी राहून गुरुसेवा केली. तीर्थयात्रा झाली, आणि गुरूच्या आज्ञेनेच पैठणास संसार मांडला. गिरिजाबाईंनी तो असा चालविला की दारी आलेला पाहुणा उपाशी गेला नाही. आता सांगा, ज्याला आईबापाचे सुख लाभले नाही आणि ज्याचा प्रपंचच परमार्थ झाला, तो घरच्या माणसांचे वाईट चिंतणारा नवस नुसता गमतीसाठी गाईल काय? भारुडातला सासरा हा अहंकार. सासूला कोणी माया म्हणतात, कोणी कल्पना. जीवाभोवती जमलेला हा गोतावळा सुटावा आणि आपण एकटेच उरावे, हे त्या बाईचे मागणे. ते एकटेपण म्हणजे कैवल्य! आणि देवीला रोडगा कबूल करून काम साधू पाहणाऱ्या नवसकऱ्यांनाही त्यात चिमटा आहेच. आम्ही मात्र भारुडाला हसतो नि दुसऱ्या दिवशी गोवऱ्या रचतो.

विंचवाचेही तसेच. पोरेटोरे त्या बाईच्या उड्या पाहतात. पण तो विंचू कामक्रोधाचा, आणि त्यावर उतारा सत्त्वगुणाचा, हे भारुडातच आले आहे. हिंदू-तुर्क संवाद तर अर्धाच ऐकला जातो. दोघांची हमरीतुमरी लोकांच्या ध्यानात राहते. शेवटी ते एकमेकांस आलिंगन देतात, हे कोणी सांगतच नाही.

सर्वांत मोठा घोटाळा जोहाराच्या भारुडांत होतो. जोहार करणारा महार पाहून कोणाला वाटते, ही लाचारीच गायली आहे. पण तोच महार देहरूपी गावाचा हिशेब मायबापांपुढे मांडतो. ज्ञान त्याच्या तोंडी आहे, ऐकणारे अडाणी. नाथांच्या चरित्रात गोदेच्या तापल्या वाळवंटात रडणारे महाराचे पोर त्यांनी कडेवर घेतल्याची आणि श्राद्धाचे अन्न अस्पृश्यांना वाढल्याची कथा येते. त्यापायी ब्रह्मवृंदाचा रोष त्यांनी सोसला. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी १९२८ साली हरिजनांस खुले केले, तेव्हा नाथांना जाऊन तीनशेहून अधिक वर्षे लोटली होती! जोहार गाताना हे ध्यानी असावे.

आमच्या जिल्ह्याच्या कडेने वाहणाऱ्या वर्धा नदीच्या पैलतीरी कौंडिण्यपूर आहे, रुक्मिणीमातेचे माहेर. नाथांनी काशीत शके १४९३ मध्ये रुक्मिणीस्वयंवर पुरे केले. उपवर मुलींना त्याची पारायणे करायला लावतात, चांगला नवरा मिळावा म्हणून. मिळो बिचाऱ्यांना! परंतु नाथांनी त्यात जीवशिवाचे लग्न लावले आहे. तेथेच शके १४९५ मध्ये त्यांचे भागवत पूर्ण झाले, आणि शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. माउलीच्या ओवीत लोकांनी घातलेले अपपाठ त्यांनी निवडून काढले. त्यांच्या स्वतःच्या पदांचे अर्थ निवडायचे काम मात्र ऐकणाऱ्यांवर येऊन पडले. पवनारच्या विनोबांनी एकनाथांची भजने निवडून दिली आहेत, ती आमच्या भजनी मंडळींनी जवळ ठेवावीत.

शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांनी गोदेत देह ठेवला. भावार्थ रामायण अपुरे राहिले होते. ते त्यांचा शिष्य गावबा याने पुरे केले. त्याच षष्ठीस पैठणास दिंड्या जमतात. यंदा वाळवंटात रोडग्याचे भारूड लागले, तर शेवटच्या चरणापर्यंत बसा बरे.