अबुल कासिम अल-जहरावी : आत वळलेल्या पापणीचा इलाज लिहून ठेवणारे हकीम

जालना असो, अंबड असो की भोकरदन, हे दृश्य आपल्यापैकी अनेकांनी घरात पाहिलेलं असेल. दादी किंवा नानी दारात उजेडाकडे तोंड करून बसलेली, आणि नात चिमट्यानं तिच्या पापणीचा एकेक केस उपटतेय. केस आत वळून बुबुळाला टोचतो, पाणी गळतं, उन्हात डोळा उघडत नाही. उर्दूत याला पडबाल म्हणतात. उपटल्यावर बरं वाटतं खरं, पण महिना-दीड महिन्यात केस परत उगवतो, आणि हा नवा आखूड केस आधीपेक्षा जास्त टोचतो.

याच दुखण्यावर हजार वर्षांपूर्वी अबुल कासिम अल-जहरावी यांनी सविस्तर लिहून ठेवलंय. त्यांचं नाव आपल्या मुलांना बहुधा प्रश्नमंजूषेपुरतंच ठाऊक असतं, म्हणून आज त्यांच्याविषयी.

जहरावींचा जन्म इ.स. 936 च्या सुमाराचा, स्पेनमधल्या कुर्तुबा शहराजवळच्या मदीनतुज-जहरा इथला. गावावरूनच ते जहरावी झाले. घराणं अन्सारी. सगळं आयुष्य रोगी तपासण्यात आणि शिकवण्यात गेलं. त्याचं सार त्यांनी इ.स. 1000 च्या आसपास पूर्ण केलेल्या ‘अत-तसरीफ’ या 30 भागांच्या ग्रंथात आहे. शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा. त्यात सुमारे 200 हत्यारांची चित्रं आहेत. शरीररचना न शिकता चाकू हातात घेणाऱ्यांवर त्यांचा फार राग होता.

आता पापणीचं. एखाद-दुसराच केस वाकडा असेल तर त्यांनी सुई आणि बारीक धाग्याचा फास वापरायला सांगितलं. फासात केस अडकवायचा आणि सुईबरोबर पापणीच्या कातडीतून बाहेर ओढून घ्यायचा. पण सगळी कडाच आत वळली असेल तर केसांमागे लागून उपयोग नाही, पापणीच वर उचलावी लागते, हे त्यांनी ओळखलं होतं. त्यासाठी पापणीवर शाईनं पानासारखी खूण करायची, तेवढी कातडी कापायची आणि टाके घालायचे. कातडी ओढली गेली की कडा बाहेर वळते. खूण किती मोठी करायची? पापणी जितकी सैल, तितकी. जास्त कापलं तर डोळा मिटतच नाही. सशासारख्या उघड्या राहणाऱ्या अशा डोळ्यावरही त्यांनी वेगळं प्रकरण लिहिलंय. चाकूला घाबरणाऱ्यांसाठी दुसरी तऱ्हा होती. वेताच्या दोन बारीक कामट्यांमध्ये कातडी घट्ट बांधून ठेवायची, काही दिवसांत ती सुकून गळते. डागण्याचाही उपाय होता. त्यात आतल्या डोळ्याला झळ लागू नये म्हणून अंड्याच्या पांढऱ्यात किंवा इसबगोलाच्या चिकात भिजवलेला कापूस ठेवायचा. (यातलं काहीही घरी करून पाहायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.)

त्याच काळात बगदादला अली इब्न ईसा हे डोळ्यांच्या रोगांवर लिहीत होते. पण जहरावींचं पुस्तक युरोपात पोचलं. बाराव्या शतकात तुलैतुला म्हणजे टोलेडो इथं क्रेमोनाच्या जेरार्डनं शस्त्रक्रियेचा भाग लॅटिनमध्ये आणला, आणि पुढची काही शतकं तिकडचे सर्जन अल्बुकासिस या नावानं जहरावींना वाचत राहिले. त्यांचं गाव मात्र यादवीत लुटलं गेलं, उद्ध्वस्त झालं. इ.स. 1013 च्या सुमारास ते वारले.

पापणी आत वळण्याची कारणं अनेक. म्हातारपण, भाजणं, पापण्यांची जुनी सूज. पण जुन्या पिढीत एक मोठं कारण होतं खुपऱ्या. लहानपणी हा संसर्ग पुन्हा पुन्हा झाला की पापणीच्या आत व्रण पडतात, ते आकसतात आणि वीस-तीस वर्षांनी कडा आत ओढली जाते. माश्या, एकच रुमाल, एकच सुरम्याची सळई, न धुतलेली तोंडं यांतून तो पसरतो. लेकरं बायकांच्या अंगाखांद्यावर असतात, म्हणून त्रासही बायकांनाच जास्त. ज्या जिल्ह्यानं 2012-13 सारखा दुष्काळ पाहिला, टँकरची वाट पाहिली, त्याला तोंड धुण्याच्या पाण्याची किंमत काय सांगायची!

ऑक्टोबर 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातून सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून खुपऱ्या संपल्याचं जाहीर केलं. पण जुने व्रण असलेले डोळे अजून घराघरांत आहेत. केस घासत राहिला तर बुबुळावर जखम होते, मग पांढरा डाग पडतो, आणि त्या डागानं गेलेली नजर सहजासहजी परत येत नाही. आजचं ऑपरेशनही पापणीची कडा बाहेर वळवण्याचंच आहे. फक्त आता भूल देतात, आणि पेशंट बहुधा त्याच दिवशी घरी येतो. जालन्यात जिल्हा रुग्णालय आहे, गणपती नेत्रालय आहे.

दाखवायला नेण्याआधी मात्र केस उपटू नका. कुठला केस कुठे वळलाय, हे डॉक्टरांना दिसायला हवं. जहरावीसुद्धा डागण्याआधी रोग्याला केस उपटणं बंद करून ते नीट वाढू द्यायला सांगत, आणि तोवर फार टोचलंच तर डोळ्यावर पट्टी बांधायला.