छातीचा आवाज ऐकणारे डॉक्टर : रेने लेनेक



थंडी सुरू झाली की वर्गावर्गातून खोकल्याचे आवाज वाढतात. बहुतेक वेळा तो साधा खोकला असतो, पण कधीकधी त्यामागे न्यूमोनिया असतो. डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावून तो ओळखतात. हे साधन ज्यांनी शोधले, त्या डॉ. रेने लेनेक यांचा हा परिचय.

रेने लेनेक यांचा जन्म १७ फेब्रुवारी १७८१ रोजी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात, कँपेर या गावी झाला. ते पाच-सहा वर्षांचे असतानाच आई वारली. पुढे नान्त शहरात डॉक्टर असलेल्या काकांनी त्यांना सांभाळले. काकांमुळेच रेने यांना वैद्यकाची गोडी लागली. प्रकृती पहिल्यापासून नाजूक, पण अभ्यास कसून. बासरी वाजवण्याचाही त्यांना छंद होता. १८०१ साली ते पॅरिसला शिकायला गेले आणि १८०३ मध्ये वैद्यक व शल्यचिकित्सा या दोन्ही विषयांत त्यांनी पहिले पारितोषिक मिळवले.

त्या काळी छातीचे आजार ओळखणे फार कठीण होते. ताप, खोकला, धाप ही लक्षणे क्षयातही दिसत, न्यूमोनियातही दिसत आणि छातीत पाणी झाले तरी दिसत. डॉक्टर बोटांनी छाती ठोकून पाहत किंवा सरळ छातीला कान लावत. नेमके काय झाले होते, ते पुष्कळदा रुग्ण दगावल्यावर शवविच्छेदनातच कळे.

१८१६ साली लेनेक पॅरिसच्या नेकर रुग्णालयात काम करत होते. तेथे हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुणी आली. ती स्थूल असल्याने छाती ठोकून काही कळेना आणि परस्त्रीच्या छातीला कान लावणे प्रशस्त नव्हते. लाकडाच्या एका टोकाला टाचणीने खरवडले तर दुसऱ्या टोकाला आवाज स्पष्ट येतो, हे त्यांना आठवले. त्यांनी काही कागदांची घट्ट सुरळी केली, एक टोक रुग्णाच्या छातीवर ठेवले आणि दुसरे आपल्या कानाला लावले. हृदयाचे ठोके पूर्वी कधी ऐकू आले नव्हते इतके स्वच्छ ऐकू आले! पुढे त्यांनी स्वतः लेथवर लाकडाच्या सुमारे एक फूट लांबीच्या नळ्या तयार केल्या.

मित्रांनो, साधन सापडले म्हणजे काम संपले असे नाही. जिवंतपणी रुग्णाच्या छातीत कोणता आवाज आला हे लेनेक रोज लिहून ठेवत आणि रुग्ण वारल्यास शवविच्छेदनात फुफ्फुस कसे दिसले ते ताडून पाहत. न्यूमोनियाच्या सुरुवातीला तापलेल्या भांड्यात मीठ तडतडावे तसा बारीक आवाज येतो, हे त्यांनी नोंदवले. पुढे फुफ्फुस यकृतासारखे घट्ट होते तेव्हा तो आवाज जातो आणि रोग उतरू लागला की परत येतो. म्हणजे रोग वाढतो आहे की ओसरतो आहे, हेही कानाने कळू लागले. हे सारे त्यांनी १८१९ च्या आपल्या ग्रंथात मांडले.

मात्र ओळखलेला न्यूमोनिया बरा करणारे औषध तेव्हा नव्हते. शरीरातून रक्त काढणे आणि अँटिमनीयुक्त औषधे देणे, एवढेच उपाय होते. छातीच्या रोगांचे हे जाणकार स्वतः क्षयाने खंगत गेले. अखेरच्या दिवसांत डॉक्टर असलेल्या पुतण्याने त्यांच्याच नळीने त्यांची छाती तपासली. १३ ऑगस्ट १८२६ रोजी वयाच्या ४५ व्या वर्षी ते निवर्तले.

आज परिस्थिती वेगळी आहे. जिवाणूंमुळे होणाऱ्या न्यूमोनियावर अँटिबायोटिक औषधे आहेत. न्यूमोकोकल लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली आणि २०२१ मध्ये देशभर पोहोचली. बाळाला ती सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात देतात. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ साली जगात पाच वर्षांखालील सुमारे ७ लाख ४० हजार मुले न्यूमोनियाने दगावली. उपचारास उशीर होणे हे त्याचे एक मोठे कारण आहे.

आपल्याकडे ज्याला बाळाचे पोट उडणे किंवा हिंदीत पसली चलना म्हणतात, ते बहुधा याच रोगाचे चिन्ह असते. मध्य प्रदेशाच्या काही भागांत अशा बाळाच्या पोटावर तापलेल्या सळईने डाग देतात. त्याने रोग तर जात नाहीच, उलट जखम होते आणि मोलाचा वेळ जातो.

पालकांनी एवढे जरूर करावे. बाळ शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, बाळ दूध-पाणी घेत नसेल किंवा गुंगीत असेल, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. दोन महिन्यांच्या आतील बाळाच्या बाबतीत तर जरादेखील वाट पाहू नये. घरातील वृद्धांकडेही लक्ष असावे. त्यांना न्यूमोनियात कधीकधी ताप येतच नाही, नुसती धाप किंवा भ्रम दिसतो. डॉक्टरांनी दिलेले औषध जितके दिवस सांगितले तितके दिवस द्यावे, बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये.

आणि विद्यार्थ्यांनो, वहीच्या कागदांची सुरळी करून आपल्या मित्राच्या हृदयाचे ठोके ऐकून पाहा. मग घरी जाऊन धाकट्या भावंडाचे श्वास कसे मोजायचे, ते आईला दाखवा.