गाडगेबाबांचे कीर्तन

वऱ्हाडात गाडगेबाबांचे नाव ठाऊक नाही असा माणूस सापडणे कठीण. अमरावतीचे विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते आणि ग्रामस्वच्छतेच्या मोहिमांवर त्यांचा खराटा झळकतो. परंतु ज्या एका कलेमुळे हा निरक्षर परीट महाराष्ट्राचा लोकशिक्षक झाला, ते त्यांचे कीर्तन आज क्वचितच कोणी ऐकतो. आपल्या समाजात तर त्याहूनही कमी. याची कारणे आम्हांस महत्त्वाची वाटतात. म्हणून या स्मरणिकेत बाबांचे चरित्र आम्ही त्यांच्या कीर्तनाच्या अंगाने मांडीत आहोत.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म 1876 साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. वडील दारूपायी खंगून गेले आणि आई सखूबाई लेकराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्यास माहेरी आली. मामाकडे गुरे राखणे, औत हाकणे आणि रात्री भजनात बसणे, हीच डेबूची शाळा. मामाची जमीन सावकाराच्या कागदात गेली. अंगठा उठवणाऱ्याला कागदावर काय लिहिले आहे ते वाचता येत नव्हते. पुढे आयुष्यभर बाबा शाळेविषयी ज्या पोटतिडकीने बोलले, तिचे मूळ आम्हांस या प्रसंगात दिसते. मुलीच्या बारशाला बोकड आणि दारू हा जातीचा रिवाज होता. डेबूजींनी तो मोडून गोड जेवण घातले, भाऊबंदांचा रोष पत्करला आणि 1905 साली घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात खराटा आणि फुटके गाडगे एवढाच त्यांचा संसार उरला.

दिवसा गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचे, हा क्रम पन्नास वर्षे चालला. हे कीर्तन शास्त्रोक्त नव्हे. नारदीय कीर्तनातील पूर्वरंग-उत्तररंगाची आखणी त्यात नसे आणि वारकरी फडावरील अभंगाचे निरूपणही नसे. बाबा शुद्ध वऱ्हाडीत श्रोत्यांना प्रश्न विचारीत, श्रोते एका आवाजात उत्तर देत आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघे. देवळातला देव कोणी घडवला, त्याला धोतर कोण नेसवतो, नैवेद्यावर कुत्रे आले तर हाकलतो कोण, अशी सरबत्ती चाले. सत्यनारायणाच्या कृपेने बुडालेली नौका वर येत असेल, तर युद्धात बुडालेल्या बोटी त्याच्याकडून का काढून घेत नाहीत, असेही ते विचारीत. सभा हसे, हसता हसता गप्प होई. मध्येच गोपाळनामाचा गजर उठे आणि पुन्हा कर्ज, दारू, हुंडा, शिवाशिव. कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना एकुलता मुलगा गोविंदा गेल्याची वार्ता आली, तरी त्यांनी कीर्तन थांबवले नाही.

असे कीर्तन आज का ऐकले जात नाही? एक कारण उघड आहे. ते उत्तर देणाऱ्या सभेवाचून उभेच राहत नाही. एकट्याने कानाला यंत्र लावून ऐकणाऱ्याला त्यातला अर्धा भाग मुळी मिळत नाही. दुसरे कारण आपले आहे. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर टाळ, अभंग आणि दिंडी यांच्याशी आपण नाते तोडले आणि ते योग्यच केले. पंढरीचे मंदिर 1947 पर्यंत ज्यांना बंद होते, त्यांनी त्या दारातले गाणे का जपावे? आंबेडकरी जलशांनी आणि भीमगीतांनी ती जागा समर्थपणे भरली. मात्र या झाडाझडतीत बाबांचे कीर्तनही अडगळीत गेले. बाबा बौद्ध नव्हते, गोपाळाचे नाव त्यांनी अखेरपर्यंत घेतले आणि त्यांना ओढूनताणून बौद्ध ठरवण्याची आम्हांस गरज वाटत नाही. पण ऐकीव गोष्ट तपासल्यावाचून मानू नये, ही कालामसुत्ताची शिकवण त्यांनी आपल्या आजोबा-पणजोबांना त्यांच्याच बोलीत दिली होती. वसतिगृहात आल्यावर आपली वऱ्हाडी दडवू पाहणाऱ्या लेकरांनी ती बोली हजारोंच्या सभेला कशी हलवीत होती, हे एकदा तरी ऐकावे.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. पंढरपुरात अस्पृश्य यात्रेकरूंसाठी बांधलेली चोखामेळा धर्मशाळा बाबांनी 1949 साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती दिली, ती मुलांच्या शिक्षणासाठी. ज्यांच्या घरातले पहिले मूल वसतिगृहात राहून शिकले, त्या पालकांना या दानाचे मोल सांगावयास नको.

बाबांनी स्वतः एक ओळही लिहिली नाही. सुदैवाने 8 नोव्हेंबर 1956 रोजी मुंबईच्या वांद्रे पोलीस ठाण्यात झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले. शरीर थकलेले होते, तरी प्रश्न तितकेच धारदार होते आणि सभेचा हुंकारही त्यात उमटला आहे. त्यानंतर महिन्याभरात, 6 डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. चौदाच दिवसांनी, 20 डिसेंबर 1956 रोजी, अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडगेबाबांनी गाडीतच प्राण सोडला.